कुलूप, चोर आणि गिऱ्हाईक

चोराला कुलपाची भीती वाटते काय, हा प्रश्न वरवर पाहता विचारण्याजोगाही वाटत नाही. भीती वाटत नसती तर लोकांनी कुलपे केलीच कशाला असती, असे कोणीही म्हणेल. परंतु गेल्या दहा-बारा वर्षांत या जुन्या प्रश्नाला एक नवे आणि काहीसे चमत्कारिक रूप आले आहे. आपल्या खिशातील मोबाईलला जे कुलूप असते ते चोरी होऊन जाईपर्यंत चोराच्या आड येतच नाही. दाराचे कुलूप चोर आणि वस्तू यांच्या मध्ये उभे असते. मोबाईलचे कुलूप वस्तूच्या पोटात असते आणि वस्तूबरोबर तेही चोराच्याच हाती जाते. मग असले कुलूप चोराला परावृत्त करते असे जे म्हणतात ते कोणत्या अर्थाने? आज या प्रश्नाचा थोडा इतिहासाच्या अंगाने विचार करावयाचा आहे.

प्रथम दाराचे कुलूप घेऊ. लंडनमध्ये पिकॅडिली रस्त्यावर जोसेफ ब्रामा या कल्पक कारागिराचे दुकान होते. त्याने १७८४ साली एका कुलपाचे पेटंट घेतले आणि पुढे आपले एक कुलूप दुकानाच्या खिडकीत मांडून त्यावर पाटी लावली की, हे कुलूप उघडणारे हत्यार जो घडवील त्याला २०० गिनी तत्काळ मिळतील. ही पाटी अर्धशतकाहून अधिक काळ खिडकीत राहिली. इनाम कोणी नेले नाही. मध्यंतरी, १८१७ साली, पोर्टस्मथच्या सरकारी गोदीत चोरी झाली. तेव्हा सरकारने, मूळच्या किल्लीवाचून उघडणार नाही असे कुलूप करणाऱ्यास १०० पौंडांचे बक्षीस जाहीर केले, आणि जेरिमाया चब याने १८१८ साली ते मिळविले. चबच्या कुलपात एक मौज होती. कोणी भलत्याच किल्लीने खटपट केली तर आतील एक पट्टी अडकून राही आणि मालकाने आपली किल्ली घातली की त्याला कळून चुके, आपल्या पाठीमागे येथे कोणीतरी हात घातला आहे. पोर्टस्मथच्या बंदिजहाजावर त्या वेळी एक कैदी होता. तो धंद्याने कुलूपवाला. हे कुलूप उघडलेस तर सुटका आणि वर १०० पौंड, असे त्याला सांगण्यात आले. बिचाऱ्याने दोन-तीन महिने डोके चालविले आणि अखेर हात टेकले.

पुढे १८५१ साली लंडनला जे महाप्रदर्शन भरले त्यासाठी आल्फ्रेड चार्ल्स हॉब्ज हा अमेरिकन कुलूपवाला आला. त्याने चबचे कुलूप सुमारे पंचवीस मिनिटांत उघडले आणि ब्रामाचे कुलूप १६ दिवसांच्या अवधीत, एकूण ५१ तास खपून, उघडले. २०० गिनी त्याच्या पदरात पडल्या. इंग्लंडच्या वृत्तपत्रांत त्या उन्हाळ्यात मोठी खळबळ उडाली. ज्या कुलपांच्या भरवशावर सारे राष्ट्र झोपत होते ती फसवी निघाली, असा सूर उमटला. परंतु या प्रसंगाकडे आज पाहताना मला त्या खळबळीचीच गंमत वाटते. कोणता घरफोड्या १६ दिवस कुलपापुढे मांडी ठोकून बसणार होता? त्याला खिडकी होती, पहार होती, फितूर नोकर होता. दाराच्या कुलपाने चोराला अजिंक्य असे काहीच दाखवावयाचे नसते. येथे वेळ जाईल, आवाज होईल, शेजारी जागा होईल, एवढेच त्याला पटवावयाचे असते. आमच्या कोषागारांत तिजोरीच्या खोलीला दोन कुलपे आणि दोन अधिकाऱ्यांकडे दोन किल्ल्या अशी पद्धत फार पूर्वीपासून आहे. नोकरीच्या आरंभी मला तिचे हसू येई. पुढे समजले की तिजोरीचे रक्षण त्या लोखंडापेक्षा दुसऱ्या किल्लीवाल्याची उपस्थिती, दाराशी उभा असलेला पहारेकरी आणि सहीची नोंदवही हीच करीत असतात.

तेव्हा दाराच्या कुलपाचा हिशोब सरळ आहे. पण चोरी पार पडल्यानंतर काय होते, हा चोरीच्या इतिहासातील दुसरा अध्याय आहे आणि मोबाईलचे कुलूप त्या अध्यायात मोडते. या अध्यायाचा नायक चोर नव्हे. चोरीचा माल घेणारा गिऱ्हाईक. आपल्या पूर्वजांना याची उत्तम जाण होती. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’तील शर्विलक देवलांच्या नाटकामुळे मराठी रसिकांच्या चांगल्या परिचयाचा आहे. भिंतीला खिंडार पाडण्याच्या आपल्या विद्येचा त्याला केवढा अभिमान! चारुदत्ताच्या घरातून तो दागिने बिनबोभाट पळवितो. येथवर त्याची कला त्याला दगा देत नाही. दगा मिळतो तो पुढे. त्या दागिन्यांच्या मोलाने मदनिकेला दास्यातून सोडवावे म्हणून तो ते तिला दाखवितो आणि ती ते पाहताक्षणी ओळखते, कारण ते तिच्याच मालकिणीचे, वसंतसेनेचे, असतात. ओळखले गेलेले सोने हे शर्विलकाच्या दृष्टीने मातीमोल झाले. ज्याची ते होती तिच्याकडेच ते नेऊन देण्यावाचून त्याला गत्यंतर उरले नाही.

नाटककाराने जे योगायोगाने घडविले ते नियमाने घडवावे अशी कौटिल्याची इच्छा दिसते. अर्थशास्त्राच्या कंटकशोधन या अधिकरणात त्याने सांगितले आहे की, बाजारावरील अधिकाऱ्याने जुन्या वस्तूंची विक्री किंवा गहाण तेव्हाच होऊ द्यावे, जेव्हा विकणारा त्या वस्तूवरील आपली मालकी निर्विवाद सिद्ध करील. नव्या वस्तूंबद्दल ही अट नाही, जुन्यांबद्दल आहे. चोराला पकडण्याचे नाना उपाय कौटिल्य पुढे सांगतोच, पण त्याआधी त्याने बाजाराचे दार लावून घेतले आहे, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

हे दार उघडे राहिले म्हणजे काय होते याचा नमुना लंडनच्याच इतिहासात सापडतो. अठराव्या शतकाच्या आरंभी तेथे जोनाथन वाइल्ड नावाचा एक इसम होता. चोरीला गेलेल्या वस्तू शोधून देण्याची त्याने कचेरीच थाटली होती. ज्याची चोरी झाली त्याने वाइल्डकडे जावे, थोडी रक्कम कबूल करावी, आणि चार दिवसांत वस्तू परत मिळावी. लोक त्याला दुवा देत. वस्तुतः बहुतेक चोर त्याच्याच हाताखालचे होते. त्याचे मर्म त्याने अचूक हेरले होते : हिशोबाची वही, दस्तऐवज, खिशातील टिपणवही यांना बाजारात कवडीची किंमत नाही, पण मालकाला मात्र त्या अमोल असतात. जी वस्तू परक्याला विकता येत नाही ती मालकालाच विकावी, हा त्याचा शोध. १७१८ च्या कायद्यात, चोरीचा माल परत मिळवून देण्यासाठी मोबदला घेऊन चोराला मात्र मोकळे सोडणे हा गंभीर गुन्हा ठरविणारे कलम घालण्यात आले. ते वाइल्डला डोळ्यांपुढे ठेवूनच घातले असे लोक म्हणत. अखेर २४ मे १७२५ रोजी टायबर्नला तो फाशी गेला. हा मनुष्य आपण ध्यानात ठेवू. पुढे त्याची पुन्हा गाठ पडणार आहे.

आपल्याकडे १८६० च्या दंडसंहितेने चोरीचा माल जाणूनबुजून घेणाऱ्याला चोराइतकीच, म्हणजे तीन वर्षांपर्यंत, कैद ठेवली. तीच दृष्टी आजच्या भारतीय न्याय संहितेतही कायम आहे. पण ‘जाणूनबुजून’ हा शब्द सिद्ध करणे किती कठीण असते हे न्यायालयात ज्याने एक दिवस काढला आहे तो सांगेल. सोने वितळते, कापड बेतले जाते, सायकलीला नवा रंग चढतो. वस्तूनेच स्वतःची ओळख सांगावी आणि परक्याच्या हाती गेल्यास काम बंद करावे, ही सोय त्या काळी नव्हती.

तिची पहिली मोठी चाचणी मोटारींच्या बाबतीत झाली, आणि या संबंध विषयात मला सर्वांत बोधप्रद वाटतो तो हाच प्रयोग. किल्ली काढली की चाक वळविण्याचे सुकाणू अडकून बसावे, असे कुलूप पश्चिम जर्मनीने १९६० च्या दशकाच्या आरंभी सक्तीचे केले. केवळ नव्या मोटारींना नव्हे, तर रस्त्यावर धावणाऱ्या जुन्या मोटारींनाही. मोटारींच्या चोऱ्या निम्म्याहून अधिक घटल्या. ब्रिटनने हेच कुलूप १९७१ पासून लावले, पण फक्त नव्या मोटारींना. जुन्यांच्या मालकांना खर्चात पाडू नये, हा विचार त्यामागे असावा. सरकारी मनुष्याला असा विचार समजू शकतो. परिणाम काय झाला? तेथील गृहखात्याच्या संशोधकांनी १९७६ साली आकडे तपासले. लंडनमध्ये चोरीस जाणाऱ्या मोटारींत नव्या मोटारींचे प्रमाण १९६९ साली सुमारे एक-पंचमांश होते, ते १९७३ साली एक-विसांशावर आले. येथवर कुलपाचा विजय झाला खरा. परंतु एकूण चोऱ्या काही कमी झाल्या नाहीत. चोर शेजारच्या जुन्या मोटारीकडे वळला, एवढेच. कुलूप एकच, यंत्रशास्त्र एकच. एका देशात त्याने चोरी घटविली आणि दुसऱ्या देशात ती श्रीमंताच्या दारातून गरिबाच्या दारात नेऊन ठेवली.

या दोन देशांची गोष्ट मनात ठेवून आता मोबाईलकडे वळू. प्रत्येक मोबाईलला १५ आकड्यांचा एक क्रमांक असतो. त्याला आयएमईआय म्हणतात आणि फोनवर तारका, हॅश, शून्य, सहा, हॅश एवढे दाबले की तो पडद्यावर उमटतो. सिमकार्ड बदलले तरी हा क्रमांक बदलत नाही. म्हणून ब्रिटनमधील दूरध्वनी कंपन्यांनी २००२ च्या सुमारास चोरीच्या फोनांची एक सामाईक काळी यादी केली आणि त्याच वर्षी, हा क्रमांक खोडून दुसरा घालणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद तेथील संसदेने केली. हे झाले जाळ्याचे कुलूप. फोनच्या पोटातील कुलूप त्यानंतर आले. २०१३ च्या जूनमध्ये न्यूयॉर्कचे ॲटर्नी जनरल आणि सॅन फ्रान्सिस्कोचे जिल्हा सरकारी वकील यांनी कंपन्यांवर दडपण आणण्याची मोहीम उघडली. त्याच सप्टेंबरमध्ये ॲपलने असे कुलूप आणले की, फोन सारा पुसून टाकला तरी मूळ मालकाचा परवलीचा शब्द दिल्याखेरीज तो पुन्हा सुरूच होऊ नये. कॅलिफोर्नियाने २०१४ साली कायदा करून १ जुलै २०१५ नंतर तयार झालेल्या आणि तेथे विकल्या जाणाऱ्या फोनांत असे कुलूप आधीपासून लावलेले असलेच पाहिजे असे ठरविले. ‘आधीपासून लावलेले’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. मालकाने आठवणीने लावावयाचे कुलूप बहुधा लागत नाही. आणि फोन कुलूपबंद आहे की नाही हे चोराला बाहेरून दिसत नसल्यामुळे, दहांतील आठ उघडे असतील तर तो दहाही उचलील.

फेब्रुवारी २०१५ मध्ये या मोहिमेच्या पुरस्कर्त्यांनी जाहीर केले की, नव्या कुलपानंतरच्या बारा महिन्यांत आयफोनची लूट सॅन फ्रान्सिस्कोत ४० टक्क्यांनी आणि न्यूयॉर्कमध्ये २५ टक्क्यांनी घटली. लंडनमधील फोनचोऱ्या तर निम्म्यावर आल्या. मोहीम चालविणाऱ्यांनीच दिलेले आकडे जरा सावधपणे घ्यावेत, अशी आम्हां कारकुनी पेशाच्या लोकांची खोड असते. पण तीन शहरांत एकाच दिशेने झालेली ही घट केवळ योगायोग म्हणून सोडून देता येण्यासारखी नाही. कुलपाचा प्रभाव पडला, हे मान्य केले पाहिजे.

मग तो टिकला काय? त्याच लंडनमध्ये २०२४ या एका वर्षात सुमारे ८०,००० फोन चोरीस गेले. कुलपे तर पूर्वीपेक्षा अधिक पक्की झालेली. याचा उलगडा एका खोक्याने केला. २०२४ च्या डिसेंबरात हीथ्रो विमानतळाजवळच्या एका गोदामात हाँगकाँगला निघालेल्या खोक्यात सुमारे एक हजार आयफोन सापडले. त्या धाग्यावरून शोध घेत लंडनच्या पोलिसांनी २०२५ च्या ऑक्टोबरात सांगितले की, एका टोळीने वर्षभरात ४०,००० पर्यंत चोरीचे फोन चीनकडे रवाना केल्याचा संशय आहे. रस्त्यावरच्या चोराला एका फोनमागे ३०० पौंडांपर्यंत मिळत. ब्रिटनच्या काळ्या यादीतला फोन जेथे ती यादी मानीत नाहीत तेथे चालतो. आणि जो अजिबात उघडत नाही तो सुटा करून त्याचा पडदा, कॅमेरा, पाट्या विकता येतात. १९७१ ची ब्रिटिश मोटार आणि २०२४ चा ब्रिटिश फोन यांची कथा अशी एकच ठरली. जुन्या मोटारीच्या जागी दूरचा देश आला.

आणि येथेच जोनाथन वाइल्ड पुन्हा भेटतो. फोन गेल्यावर काही दिवसांनी मालकाला एक संदेश येतो : तुमचा हरवलेला फोन सापडला आहे, ठिकाण पाहण्यासाठी येथे आपला परवलीचा शब्द घाला. संदेश कंपनीचा वाटतो. असतो तो चोराच्या साथीदाराचा. मालकाने आशेने शब्द घातला की कुलूप उघडले. ज्या वस्तूला परका गिऱ्हाईक मिळत नाही तिच्यासाठी मालकालाच गळाला लावावयाचे, ही युक्ती तीनशे वर्षांची आहे. कुलूप जितके पक्के तितका मालकाच्या मागचा ससेमिरा मोठा. काही चोर तर आधी गर्दीत मालक शब्द टिपताना पाहून घेतात आणि मग फोन हिसकावतात. त्यावर उपाय म्हणून ॲपलला २०२४ च्या जानेवारीत आणखी एक कुलूप वाढवावे लागले. त्याच वर्षी फोनच्या सुट्या भागांनाही मालकाच्या कुलपाशी बांधण्याचे त्या कंपनीने जाहीर केले.

आपल्या देशाची वाट थोडी निराळी आहे. येथे प्रारंभी रोग क्रमांकाचाच होता. क्रमांक नसलेले फोन इतके होते की २००९ च्या अखेरीस ते जाळ्यातून बंद करावे लागले. आणि २०२० साली मीरतच्या पोलिसांना एकच क्रमांक धारण करणारे तेरा हजारांहून अधिक फोन देशभर चालू असल्याचे आढळले. एका नावाची तेरा हजार माणसे असावीत आणि त्यांतील एकावर पकडहुकूम काढावा, तशातला हा प्रकार! क्रमांकात फेरफार करणे २०१७ च्या नियमांनी दंडनीय केले आणि २०२३ च्या दूरसंचार कायद्याने त्याला तीन वर्षांपर्यंत कैद व ५० लाख रुपयांपर्यंत दंड ठेवला. दरम्यान सर्व कंपन्यांच्या यादीची एक केंद्रीय नोंदवही तयार झाली. तिचा पहिला प्रयोग सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबईतून, महाराष्ट्रापुरता, झाला. त्या डिसेंबरात दिल्ली आली. आणि मे २०२३ पासून ‘संचार साथी’ या नावाने ती सोय साऱ्या देशाला खुली झाली. पोलिसांत तक्रार देऊन क्रमांक नोंदविला की फोन सर्व जाळ्यांवर बंद होतो, आणि कोणी त्यात नवे सिमकार्ड घातले की त्याचा माग पोलिसांना मिळतो.

माग मिळतो, फोन परतही मिळतात. पण ज्या क्षणी फोन जातो त्या क्षणाचे काय? मुंबईच्या उपनगरी गाडीने प्रवास करणाऱ्यांना फटका टोळी ठाऊक आहे. रुळाकाठी खांबाच्या आडोशाला काठी घेऊन मुलगा उभा असतो. दारात फोन धरून उभ्या असलेल्या प्रवाशाच्या हातावर तो फटका मारतो, आणि फोन खाली पडतो. कधी फोनबरोबर प्रवासीही पडतो. यात माणसे हातपाय गमावून बसली आहेत, जीवाला मुकली आहेत. काठी उगारणाऱ्या त्या मुलाला फोनच्या पोटात कोणते कुलूप आहे याची माहिती असण्याचे कारण नाही. त्याला त्याच संध्याकाळी रोख पैसे देणारा माणूस माहीत असतो. कुलपाची वार्ता त्या माणसाकडून मुलापर्यंत पोहोचते, ती कमी झालेल्या भावाच्या रूपाने, आणि ती पोहोचायला महिने लागतात. हिसकावून नेण्याला न्याय संहितेने १ जुलै २०२४ पासून स्वतंत्र गुन्हा ठरविले, ते योग्यच झाले. पण भाव पाडण्याचे काम शिक्षेच्या कलमाने होत नाही. जुन्या फोनच्या बाजारात प्रत्येक गिऱ्हाईकाने आधी क्रमांक विचारला तर होईल. १४४२२ या क्रमांकावर केवायएम ही अक्षरे आणि फोनचे १५ आकडे संदेशाने पाठविले की तो फोन काळ्या यादीत आहे काय हे कळते. कौटिल्याच्या बाजार-अधिकाऱ्याचे काम आता हे यंत्र करते. मात्र त्याला विचारणारा हवा.

आमच्या कचेरीतील एका शिपायाने २०२३ च्या आरंभी, मुलीच्या बारावीच्या अभ्यासासाठी, बाजारातून ५,००० रुपयांना जुना फोन घेतला. दुकानदाराने चिठोऱ्यावर रक्कम लिहून दिली. क्रमांक नाही, नाव नाही. त्याच वर्षी पावसाळा सरताना फोन एकाएकी मुका झाला आणि पाठोपाठ दुसऱ्या जिल्ह्यातील पोलिसांचे बोलावणे आले. फोन चोरीचा होता. ‘साहेब, मी बिल कोठून आणू?’ असे तो मला विचारीत होता. मी त्याच्याबरोबर एक चिठ्ठी दिली. त्याच्यावर काही खटला झाला नाही. फोन मात्र ठेवून घेतला, आणि तो ज्याचा होता त्याला तो मिळाला, हे न्यायाचेच झाले. मुलीने वर्गातील मैत्रिणींच्या वह्यांची छायाचित्रे त्या फोनमध्ये काढून ठेवली होती. तेथील हवालदार सज्जन होता. त्याने तिला बाकावर बसवून ती उतरवून घेण्यास अर्धा तास दिला. तेवढ्या वेळात रसायनशास्त्र पुरे झाले; भौतिकशास्त्राचे दोन धडे राहिले.